जिना चढून

आमचं सुभानपुऱ्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारत जुनी, त्यामुळे लिफ्ट नाही. आमच्या प्रार्थना गटातल्या मावशींचे दोन्ही गुडघे गेलेले होते. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, थांबायचं, मग पुढची पायरी, अशा त्या चढत. कठड्यावरून हात घासत वर येई त्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. गुरुवारी आमच्याकडे घरगुती प्रार्थना असायची, तेव्हा कुणीतरी त्यांना धरून आणायचं. त्या दिवशी शुक्रवार होता, दुपारचे तीन वाजले होते, बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, आणि त्या एकट्या आल्या होत्या.

दारात चपला काढल्या. भिंतीला हात लावून जरा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. पाणी दिलं ते उभ्यानंच प्यायल्या आणि सरळ गॅलरीत गेल्या. तिथे तुळस आणि कोरफडीच्या कुंड्यांच्या वर, भिंतीतल्या एका खिळ्याला एक कप अडकवलेला असायचा. पांढरा, कडेला टवका उडालेला, निळी फुलं अर्धीअधिक पुसून गेलेली. मावशींनी तो खिळ्यावरून काढला, पदरानं आतून पुसला आणि विचारलं, “हा कुणाचा?”

“जिना झाडायला येते ना, तिचा.”

“तिचाच?”

मी काही बोलले नाही. त्याही बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “काल प्रार्थनेला बसले तेव्हा दिसला. काल बोलले नाही. चारचौघांत बोलायचं नव्हतं मला. रात्री झोप लागली नाही, म्हणून आले. बाई, तुझ्या आजेसासऱ्यांना नगरकडे लोक वरून पाणी घालायचे. ओंजळीत. भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. तुला हे कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. आणि सांगितलं असेल, तर मग हा कप इथे कसा?”

एवढंच. आवाज चढवला नाही, शास्त्रातलं वचन काढलं नाही. कप ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. मी चहा केला. माझे हात थरथरत होते, लाजेनं नाही, रागानं. मावशींनी चहा सावकाश प्यायला, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, आणि उठल्या. त्यांना धरून खाली सोडायला मी गेले नाही. दार लावून घेतलं आणि आतून त्या हाताचा कठड्यावर घासत खाली जाणारा आवाज ऐकत राहिले. त्यांनी कप दाखवला त्यापेक्षा मला ही गोष्ट जास्त सलते.

आमचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालं. 1965 साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, पुढे पेट्रोकेमिकल्स आलं, आणि त्या नोकऱ्यांमागे नगर-सोलापूरकडची जी माणसं वडोदऱ्यात आली त्यांत माझे सासरे होते. गायकवाडांच्या काळापासून दांडिया बाजाराच्या आसपास नांदलेल्या मराठी घरांशी आमचा संबंध उशिरा आणि बेताचा. आम्ही गोरवा, सुभानपुरा, हायटेन्शन रोड या बाजूला वाढलेल्या सोसायट्यांमधली माणसं. आडनावावरून इथे कुणाला काही कळत नव्हतं. न कळणं सोयीचं होतं. आणि त्या सोयीत राहता राहता शेजारच्या घरांमध्ये जे होतं ते आमच्याही गॅलरीत येऊन लटकलं. मी तो कप मुद्दाम वेगळा ठेवला असं मला कधी वाटलंच नाही. सगळे ठेवतात म्हणून ठेवला. पेत्रानंही अंत्युखियात दुसरं काय केलं होतं?

मावशींवर मी तीन आठवडे रागावलेली होते. वडोदऱ्यात राहून आमच्या बोलण्यात गुजराती पुष्कळ मिसळली आहे, आणि त्या दिवसांत तिच्यातला एक शब्दप्रयोग माझ्या मनात सारखा घोळत होता. इथे कुणी काही कठीण बोलणार असेल तर आधी म्हणतो, “खोटुं ना लगाडता.” म्हणजे वाईट वाटून घेऊ नका. आणि मन दुखावलं की म्हणतात, “मने खोटुं लाग्युं.” शब्दशः घेतलं तर, मला खोटं लागलं. बोललेलं खरं असतं आणि लागताना ते खोटं लागतं. माझं नेमकं तेच झालं होतं. मावशींचा एकही शब्द मला खोडता येत नव्हता, तरी सगळं बोलणं मला अन्यायाचं वाटत होतं. आपल्या मराठीत याला कानउघाडणी म्हणतात. बंद झालेला कान दुसऱ्यानं उघडायचा, तर दुखणारच.

पण मराठीत आपण दुसरीही एक गोष्ट करून ठेवली आहे. फटकळ माणसाला आपण खरं बोलणारा समजतो. “मी बाबा तोंडावर बोलतो, मनात काही ठेवत नाही,” असं म्हणणारी माणसं प्रत्येक कुटुंबात असतात, आणि ती बोलून गेल्यावर घरात जो शुकशुकाट होतो त्याला ती आपल्या खरेपणाची पावती मानतात. त्यांचं मन मोकळं होतं, यात शंका नाही. ऐकणाऱ्याचं काय झालं ते पाहायला ती मागे थांबत नाहीत. मावशी थांबल्या होत्या. चहा होईपर्यंत, पिऊन होईपर्यंत, मुलीच्या परीक्षेपर्यंत. आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या, नेहमीसारख्या, डब्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आल्या.

येशूनं याविषयी जे सांगितलं ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि आमच्या मंडळीत ते सगळ्यांना पाठ असतं. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं त्याच्याकडे जायचं, दोघंच असताना दाखवायचं. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्यायचं. तरीही नाही ऐकलं तर मंडळीपुढे. तिथेही नाही, तर त्याला परक्यासारखा, जकातदारासारखा समजायचं. या शेवटच्या पायरीवर बोट ठेवून माणसांना मंडळीबाहेर काढलेलं मी पाहिलं आहे. काढणारे हे विसरतात की ज्याच्या नावावर हे शुभवर्तमान आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता, आणि येशू त्याच्या घरी जेवायला बसला होता. पण माझं लक्ष पहिल्या पायरीवर जास्त जातं. तिथे सांगायच्या आधी जायचं आहे. अपराध ज्याचा त्यानं यावं असं नाही. ज्याला दिसला त्यानं उठून जायचं. गुडघे दुखत असले तरी.

आणि त्याहून जुनं लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही आज्ञा जगाला माहीत आहे. तिच्या लगेच आधीचं वचन फार थोड्यांना आठवतं. त्यात सांगितलं आहे की भावाविषयी मनात द्वेष बाळगू नये, आणि शेजाऱ्याचा दोष त्याला उघडपणे दाखवावा. म्हणजे दोष दाखवणं आणि प्रीती करणं ही दोन वचनं एकमेकांना लागून बसलेली आहेत. मधे फक्त सूड घेऊ नये, अढी धरू नये एवढं आहे. न सांगता गप्प बसलेला माणूस सज्जन ठरतो, असं आपल्याला वाटतं. लेवीय त्याला विचारतं की, तू गप्प आहेस, पण तुझ्या मनात काय साठतं आहे?

आता पेत्राकडे येते. अंत्युखियात तो परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत होता. मग यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसं आली, आणि त्यांच्या भयानं पेत्र हळूहळू त्या पंगतीतून उठला. त्याचं पाहून बर्णबासुद्धा उठला. तेव्हा पौलानं सगळ्यांसमक्ष पेत्राला अडवलं. गलतीकरांच्या पत्रात त्यानं ते स्वतः लिहून ठेवलं आहे. हे वाचताना मला नेहमी अडखळायला होतं. येशूनं आधी एकांत सांगितला, मग पौल थेट चारचौघांत का बोलला? पुष्कळ विचार करून मला एक उत्तर मिळालं आहे. पेत्राचा अपराध पंगतीतला होता. ज्यांना सोडून तो उठला ती माणसं तिथेच, भाकरी हातात धरून बसली होती. त्यांच्यादेखत झालेला अपमान मागच्या खोलीत नेऊन मिटवला असता, तर तो त्यांच्या अंगावर तसाच राहिला असता.

मग माझा प्रश्न असा, की या हिशेबानं मावशींनी मला त्या जिना झाडणाऱ्या बाईसमोर बोलायला नको होतं का? ती रोज सकाळी बाहेरच्या पायरीवर बसून त्या कपातून चहा पीत होती. मावशींनी माझी अब्रू सांभाळली. तिची कुणी सांभाळली?

हा प्रश्न मला एकटीला पडलेला नाही. वडोदऱ्यात तो 1917 साली फार मोठ्या माणसाच्या बाबतीत उभा राहिला होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गायकवाड सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला या शहरात आले. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी हे दोन्ही प्रसंग लिहिले आहेत. पहिला मित्र हिंदू होता. तो म्हणाला की तुम्ही आलात तर घरातले नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. त्याचं उत्तर असं, की बायको उद्या यायची आहे, तिला विचारावं लागेल. बाबासाहेबांना मागाहून कळलं की ते कुटुंब मूळचं ब्राह्मण. नवरा धर्मांतरानंतर मोकळ्या विचारांचा झाला होता, बायको मात्र जुन्याच रीतीची राहिली होती. ते तिथून निघाले, रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कमाटी बागेत, म्हणजे सयाजीबागेत, बसून राहिले. बागेतल्या त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. दरवर्षी तिथे लोक जमतात.

मी या शहरात ख्रिस्ती म्हणून राहते, त्यामुळे या दोन मित्रांपैकी पहिल्याचं काही मला लागत नाही. दुसऱ्याचं लागतं. त्याला बायकोशी बोलायचं होतं, एवढंच. कित्येक वर्षं एकाच घरात, एकाच टेबलाशी प्रार्थना केलेली बायको. तिला कुणी, कधी, प्रेमानं का होईना, हा कप कुणाचा असं विचारलं नसणार. त्यानं ते बोलणं रोज उद्यावर टाकलं असणार. घरात शांतता राहावी म्हणून टाकलं असणार. आणि त्या सगळ्या टाकलेल्या दिवसांचं देणं एका संध्याकाळी तिसऱ्याच माणसाला, बागेत बसून फेडावं लागलं.

इथे मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्यावरही आपलं सोवळं, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून राहिल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. माणसाच्या हातचं पाणी जातीवरून नाकारायचं नाही, हे बाईंना त्यांच्या स्वतःच्या विचारातून पटलं, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ लिहायला बसल्या तेव्हा स्वतःचं ते सोवळं त्यांनी झाकलं नाही, उघड लिहिलं. म्हणजे ब्राह्मण घरातून आलेली ख्रिस्ती बाई बदलू शकते, हे बाबासाहेबांच्या त्या प्रसंगाच्या सतरा वर्षं आधी घडून गेलं होतं. वडोदऱ्यातल्या त्या बाईला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? कदाचित नाहीच म्हणाली असती. पण तिच्यासमोर तो प्रश्न कुणी ठेवलाच नसणार, आणि ही मला तिच्यावरही झालेली आबाळ वाटते.

टिळकांची वाट पाहण्याची रीत मला फार थोर वाटते, तरी एक गोष्ट खुपते. अपराध करणाऱ्याला वेळ देण्याची मोठी किंमत असते आणि ती अपराध करणारा देत नाही, वेळ देणाराही देत नाही. ती पायरीवर बसलेला देतो.

बरं, दोष दाखवणाऱ्याचं प्रत्येक वेळी बरोबरच असतं असंही नाही. पंडिता रमाबाई 1883 ते 1886 इंग्लंडात होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन त्यांना आईच्या मायेनं सांभाळत. रमाबाई त्यांना पत्रातून आजीबाई म्हणत. या आजीबाईंना वाटे की अंडं घातलेली गोड खीर रमाबाई नाकारतात तो जातीचा गर्व आहे. त्यांनी तसं सांगितलंही. प्रेमानं, कळकळीनं सांगितलं, आणि ते चुकीचं होतं. रमाबाईंनी उत्तर दिलं ते तितकंच स्पष्ट होतं: एखादी इंग्रज बाई हिंदूंच्या घरी राहिली आणि तिनं आपलं खाणंपिणं बदललं नाही, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला चालेल का? पुढे त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून त्यांचे खटके उडत राहिले. तेव्हा रमाबाई पंचविशी ओलांडलेली, परक्या देशात आश्रित असलेली विधवा होती. ज्यांच्या घरचं अन्न खायचं त्यांनाच सांगायचं, की मी एका देवाची सत्ता मानली आहे, तुमची नाही. आणि हे सांगताना पत्राच्या वरच्या ओळीतली आजीबाई काढून टाकायची नाही. मला वाटतं, दोघींमधलं नातं शेवटपर्यंत तुटलं नाही ते त्या एका हाकेमुळे.

मी माझा कप शेवटी आत घेतला. बाकीच्या कपांमध्ये मांडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला म्हटलं, आत ये, टेबलाशी बस. ती झाडू हातात घेऊन दारात उभी राहिली. “मने अहीं ज फावे छे, बेन,” म्हणाली. मला इथेच बरं वाटतं. आणि पायरीवर बसली. मी चहा घेऊन बाहेर गेले, तिच्या शेजारच्या पायरीवर बसले. तिला ते आवडलं नाही. अवघडली, भराभर पिऊन निघाली. वर्षभर असंच चाललं. माझ्या तीन आठवड्यांच्या रागानं आणि त्यानंतरच्या पश्चात्तापानं तिच्या अंगात मुरलेलं भय जाणार नव्हतं. एक दिवस पावसात भिजून आली तेव्हा मी काही न बोलता दार उघडलं आणि ती आत येऊन बसली. पुन्हा उन्हाळ्यात बाहेरच. आजही तिचा काही नेम नाही.

मावशी जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या गेल्यानंतरच्या नाताळात आमच्या प्रार्थना गटाच्या वर्गणीचा हिशेब लागत नव्हता. जमा करणारे एक गृहस्थ होते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, मुलाच्या आजारपणात बुडालेले. रक्कम फार मोठी नव्हती. मला हिशेबात फट दिसली होती, पंधरा दिवस आधीच. रोज ठरवत होते की गोत्रीला त्यांच्या घरी जाऊन विचारू. रिक्षानं दहा मिनिटं लागतात. नाही गेले. आणि वर्षाच्या शेवटच्या गुरुवारी, प्रार्थना संपल्यावर, सगळे उठायच्या आत मी वही उघडली आणि विचारलं.

मी म्हटलं ते खरं होतं. पैसे कमी होते. त्यांनी ते मुलाच्या दवाखान्यात भरले होते आणि फेब्रुवारीपर्यंत परत टाकणार होते. त्यांनी ते तिथे सगळ्यांपुढे सांगितलं. जानेवारीतच पूर्ण रक्कम पाकिटात घालून, वर हिशेबाची चिठ्ठी लावून, दुसऱ्याच्या हाती पाठवली. आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. पंगतीत अपमान झालेलं इथे कुणी नव्हतं, ज्याच्यासाठी चारचौघांत बोलणं भाग होतं. मला पौलाचा आधार नव्हता. मला फक्त दहा मिनिटांच्या रिक्षेचा कंटाळा होता, आणि खोलीत सगळे बरोबर असले की धीर येतो, तो हवा होता.

यंदा ईस्टरनंतरच्या आठवड्यात मी गेले. झाशीच्या राणीच्या सर्कलला रिक्षा केली. त्यांचं घरही तिसऱ्या मजल्यावर आहे, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या पत्नीनं जाळीतून पाहिलं आणि म्हणाली, घरी नाहीत. त्यांच्या चपला दाराबाहेर होत्या. मी बरं म्हटलं आणि जिना उतरले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. या वेळी ते स्वतः आले. जाळीचं दार उघडलं नाही. केस पुष्कळ पिकले होते. मी म्हटलं, मुलगा कसा आहे? बरा आहे म्हणाले, कॉलेजला जातो. मग आम्ही दोघंही गप्प. वरच्या मजल्यावर कुणीतरी कपडे आपटून धूत होतं.

“खोटुं ना लगाडता ताई,” ते म्हणाले, “पण तुम्ही तेव्हा आधी घरी यायला पाहिजे होतं.”

“हो,” मी म्हटलं. “यायला पाहिजे होतं.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी अजून धापा टाकत होते, कठडा धरून उभी होते. मग त्यांनी जाळीच्या दाराची कडी काढली आणि पाणी आणायला आत गेले.